सोमवारचे आकडे

प्रिय घाईबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस तर तू हे पत्र न फोडताच केराच्या टोपलीत टाकशील, असा मला दाट संशय आहे. म्हणून पत्ता मी माझ्या विद्यार्थिनीकडून लिहून घेतलाय. बघ, सुरुवातच लबाडीने झाली. सोबतचं पुडकं मात्र आत्ता सोडायचं नाही. सुतळीला मी मुद्दाम निरगाठी मारल्यात, तुझ्या घाईला त्या पुरून उरतील. आधी हे वाच. आणि सगळं वाचायचा धीर नसेल तर निदान पुढचं एक वाक्य वाच: अकरा वर्षांपूर्वी तू उंदरांच्या रक्ताचे आकडे घरी बसून बनवलेस असं ज्यांनी ज्यांनी म्हटलं, ते सगळे चुकले होते. तुझे आकडे खरे होते. आता ते माझ्याच उंदरांनी दाखवून दिलंय, आणि ज्यांनी म्हटलं त्यांच्यात पहिली मीच होते हे तुला बहुतेक ठाऊक असेल.

माझा स्वभाव तुला सांगायला नको. हॉस्टेलच्या त्या खोलीत चार वर्षं तू तो सोसलास. माझी आई साखरेच्या डब्यात बोटाने रेघ ओढून ठेवायची, कुणी चमचाभर घेतली तरी कळावं म्हणून. मी तिचीच लेक. माझ्या शाम्पूच्या बाटलीवर पेनाची खूण असायची, आणि तू रोज ती खूण एकेक रेघ वर सरकवून ठेवायचीस, म्हणजे मी शाम्पू न वापरताच तो कमी होत असल्यासारखा दिसायचा. आठवडाभर मी कामवाल्या बाईंवर डोळा ठेवून होते. शेवटी तूच हसून हसून पलंगावरून पडलीस आणि त्या दिवशी मला ‘इन्स्पेक्टर’ हे नाव पडलं. मीही मग तुला घाईबाई म्हणायला लागले. चप्पल उलटसुलट, एप्रनची बटणं एक घर चुकलेली, आकडे कागदावर न लिहिता हातमोज्यावर लिहिलेले. तो हातमोजा एकदा तू कचऱ्यात टाकलास आणि मग आपण दोघी डब्यात डोकं घालून तो शोधत होतो. त्या दिवशी मी खूप हसले होते. तोच हातमोजा पुढे मी पुरावा म्हणून वापरला.

आता इकडची खबर. सर निवृत्त झाले, त्यांची खोली मला मिळाली. त्यांची खुर्ची अजून उजवीकडे कलते. कॉरिडॉरच्या टोकाचा डीप फ्रीज अजून लाथ मारल्याशिवाय बंद होत नाही. अ‍ॅनिमल हाउसमध्ये उंदरांचं खाणंपिणं बघायला अजून मामाच आहेत, केस पांढरे झालेत, दोन महिन्यांनी सुटतील. उंदीरही तेच आहेत, म्हणजे त्याच जातीचे, जन्मापासून लिव्हरमध्ये हेपटायटिस बी विषाणू तयार करणारे. माझ्याकडे दोन वर्षांपासून एक मुलगी पीएचडी करते. हुशार आहे, नीटनेटकी आहे, वहीत रेघा पट्टीने मारते. तिचं पहिलं वर्ष झकास गेलं. मग या सत्रात तिला गुरुवारी एक कोर्स लागला, म्हणून उंदरांच्या शेपटीतून रक्त काढायचा दिवस तिने बदलून सोमवार केला. आणि दुसऱ्याच आठवड्यात रक्तातला विषाणू तिपटीने वाढलेला दिसला. विषाणूवरचं औषध तेच, उंदीर तेच. माझ्या मनात पाल चुकचुकली.

तुझंही असंच झालं होतं. आपण दोघी सरांचंच ते औषध तपासत होतो, तू एका रॅकवर, मी शेजारच्या. तू आठवड्यातून दोनदा रक्त काढायचीस, सोमवारी आणि गुरुवारी. मी फक्त गुरुवारी, कारण सोमवारी सकाळी मला उंदरांची वजनं घ्यायची असत. माझे आकडे शहाण्या मुलांसारखे एका ओळीत बसायचे. तुझे गुरुवारचेही बसायचे. सोमवारचे मात्र तिप्पट, कधी चौपट. सर वैतागले. त्यांचं औषध चालतंय की नाही तेच कळेना. तू म्हणायचीस, आकडे असेच येतायत, मी काय करू? आणि मी मनात म्हणायचे, असे कसे येतील? औषधाचा परिणाम सोमवारी रजेवर जातो का? मला वाटलं, तू रविवारी सिनेमाला जातेस, सोमवारी उशिरा उठतेस, आणि रक्त न काढताच वहीत काहीतरी ठोकून देतेस. एका शुक्रवारी सरांनी मला विचारलं, तुझी मैत्रीण आकडे कुठे लिहिते? मी सांगितलं, हातमोज्यावर. आणि तिथे थांबले असते तरी चाललं असतं. मी पुढे म्हणाले की सोमवारचे आकडे विषाणू मोजायच्या मशीनमधून आलेले मी कधी पाहिले नाहीत. हे अक्षरशः खरं होतं. सोमवारी मी त्या वेळी वजनकाट्यापाशी असायचे, पाहणार कुठून? पण सरांच्या कानात ते कसं पडेल हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तुझा केसाने गळा कापला.

पुढचं तू भोगलंस. सोमवारी सरांनी वही मागितली, तुला ती सापडली नाही. मशीनच्या चिठ्ठ्या वहीतच चिकटवल्यात असं तू रडत सांगत राहिलीस, आणि सगळ्यांनी धरलं की वही तूच नाहीशी केलीस. समिती बसली. तू तिसऱ्या बैठकीला आलीच नाहीस, ट्रंक घेऊन निघून गेलीस. फाइलवर ‘बनावट नोंदी’ असं लिहिलं गेलं. त्यानंतर सरांनी नियम केला की इथे सोमवारी कुणीही रक्त काढायचं नाही, गुरुवारीच काढायचं. तो नियम इतका मुरला की का केला होता हेही लोक विसरले. माझी विद्यार्थिनी सोमवारकडे वळली तेव्हा मीही ‘बरं’ म्हणून मोकळी झाले.

तर पाल चुकचुकली म्हणून मी काय केलं, ऐक आणि हस. त्या पोरीला एका शब्दाने विचारलं नाही. रक्ताच्या नळ्यांच्या बुडाला बारीक ठिपके काढून ठेवले, अदलाबदल केली तर कळावी म्हणून. तिच्या टेबलाच्या खणाच्या फटीवर एक केस आडवा चिकटवला. हो, केस! चाळिशीला टेकलेली बाई, नावापुढे डॉक्टर, आणि खणाला केस चिकटवतेय. केस जागचा हलला नाही. ठिपके जागच्या जागी. मशीनही मी स्वतः चालवून पाहिलं, आकडे तेच. तरी मला वाटेना की मी चुकतेय. मला वाटलं, पोरगी माझ्यापेक्षा पोचलेली आहे. मग एका रविवारी दुपारी साडेचारला मी अ‍ॅनिमल हाउसच्या धुलाईच्या खोलीत जाऊन बसले. दार किलकिलं ठेवलं, बूड टेकायला एक उपडी बादली. समोर आपले रॅक दिसत होते. लाकडाच्या भुशाचा आणि फिनेलचा तो वास, पिंजऱ्यांतली खुसपुस. मी डोळ्यांत तेल घालून बसले होते आणि मनातल्या मनात तिला झाडण्यासाठी वाक्यं जुळवत होते.

पाच वाजता दार उघडलं आणि आत आले मामा. रविवारी ते पाणी बघायला येतात, हे मला ठाऊक होतं. त्यांनी पाण्याच्या बाटल्या बघितल्या. मग एक झाकणाची बादली घेतली आणि पहिल्या पिंजऱ्यापासून सुरुवात करून झाकणाच्या जाळीत ठेवलेले खाण्याचे पेलेट काढायला लागले. एक पिंजरा, दुसरा, तिसरा. सगळा रॅक. मग शेजारचा रॅक. शांतपणे, आपलं रोजचं काम असल्यासारखं. मी बादलीवरून अशी उसळले की बिचाऱ्यांच्या हातातलं झाकण खाली पडलं. त्यांना वाटलं, बिल्डिंगला आग लागली. मी विचारलं, हे काय चाललंय? कुणी सांगितलं तुम्हाला? मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांची फिरकी घेतेय. मग त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, प्लास्टिकच्या पाकिटात जपून, एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. ‘सोमवारी सकाळी वजन. रविवारी संध्याकाळी खाणं काढून ठेवणे, पाणी राहू द्यावे.’ अक्षर माझं. खाली सही माझी. तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

वजन उपाशी पोटी घेतलं की नेमकं येतं, म्हणून मी ती चिठ्ठी लिहिली होती. माझ्या रॅकसाठी. पण कुठल्या रॅकचं खाणं काढायचं ते लिहायलाच विसरले. इतरांच्या हातमोज्यांवर नजर ठेवणारी मी! आणि मामा कसे आहेत तुला माहीत आहे, एकाच्या पिंजऱ्याला एक न्याय आणि दुसऱ्याच्या पिंजऱ्याला दुसरा, हे त्यांना चालतच नाही. त्यांनी सगळ्यांचं काढलं. सोमवारी सगळे आपापलं काम आटपून गेले की दहाच्या सुमाराला परत भरलं. सोमवार पिंजरे बदलण्याचा दिवस, जाळी रिकामी दिसली तरी धुवायला घेतली असेल असंच कुणालाही वाटावं. नंतर माझी वजनं संपली, मी ती चिठ्ठी विसरले, पण काढून टाका असं मामांना कुणी सांगितलं नाही. सांगितल्याशिवाय मामा काही बंद करत नाहीत. अकरा वर्षं दर रविवारी ते माझा हुकूम पाळत होते. मला म्हणाले, ताई, तुमचीच चिठ्ठी ना? तेव्हा मला ते ताई म्हणायचे, आता मॅडम म्हणतात. त्या एका शब्दाने मला तिथेच रडू आलं.

आता विज्ञान. तू म्हणे आठवीच्या मुलांना पचनसंस्था शिकवतेस, म्हणजे निम्मं तुला पाठच असेल. पोट भरलेलं असतं तेव्हा लिव्हर साखर साठवून ठेवतं. पोट रिकामं राहिलं की काही तासांत ते साठा फोडतं, आणि मग स्वतःच साखर तयार करायला घेतं, मेंदूला उपाशी ठेवून चालत नाही म्हणून. साखर करायची तर पेशीच्या केंद्रकात ठराविक प्रथिनं जागी होतात आणि ठराविक जनुकांची बटणं दाबतात. हेपटायटिस बी विषाणू इतका धूर्त आहे की त्याच्या जनुकांवरही तीच बटणं बसलेली आहेत. लिव्हर घरासाठी चूल पेटवतं आणि हा गुपचूप आपली पोळी भाजून घेतो. उंदीर खातो मुख्यतः रात्री. रविवारी पाचला खाणं काढलं म्हणजे त्याची अख्खी मेजवानी हुकली. सोमवारी सकाळी रक्तात विषाणू उसळलेला. मग मंगळवार, बुधवार पोटभर खाऊन गुरुवारी पुन्हा खाली. औषधाचा काही दोष नव्हता आणि तुझाही नव्हता. मी आणि त्या पोरीने सहा आठवडे नीट तपासून पाहिलं: अर्धे उंदीर उपाशी, अर्धे पोटभर, मग अदलाबदल. उपाशी गट दर वेळी वर. खायला घातलं की खाली. तिला मी सगळं सांगितलं, केसाचंही. तिने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला आणि बरोबर केलं.

माणसाच्या लिव्हरमध्ये हे किती लागू पडतं ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. उंदरांतलं मात्र आता काही गुपित राहिलेलं नाही, बाहेरच्या लोकांनी केव्हाच लिहून ठेवलंय. आणि इथेच मला माझी किळस येते. मी ते वाचलं होतं. पिवळ्या पेनाने अधोरेखित केलं होतं. गेली सहा वर्षं मी ते दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवते, फळ्यावर उपाशी उंदीर आणि जेवलेला उंदीर काढते, मुलं हसतात. तो फळ्यावरचा उपाशी उंदीर तुझा होता हे मला सहा वर्षांत एकदाही सुचलं नाही. सुचलं नाही, की मी सुचू दिलं नाही, असा आता मला माझाच संशय येतो. तुला आठवतं का, मेसमध्ये एकदा भात संपला होता आणि तू ताट वाजवत म्हणाली होतीस की भूक लागली की माणूस बदलतो, मग लिव्हर बदलत नसेल कशावरून? आणि लिव्हर बदललं तर त्याच्यात राहणाऱ्या विषाणूला कळत नसेल कशावरून? मी तुला म्हटलं होतं, आधी सोमवारचे आकडे नीट आण, मग शोध लाव. सगळं टेबल हसलं होतं. तूही हसली होतीस, पण भाताची वाट न बघता उठून गेलीस.

सरांकडे जाऊन आले. गुडघे गेलेत, बाकी ठणठणीत. चिठ्ठी दाखवली, आलेख दाखवले. ते आलेख बघत म्हणाले, आता जुनं उकरून काय मिळणार, ती मुलगी तिच्या संसारात सुखी असेल. चहा झाल्यावर दारापर्यंत सोडायला आले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या वहीचं पुढे काय झालं गं? मी चपला घातल्या आणि निघाले. त्यांना तेव्हापासूनच काही संशय होता का, असेल तर ते गप्प का राहिले, हे मी जिना उतरताना घोकत होते. मागे वळून विचारायची हिंमत झाली नाही.

तुझं कार्ड माझ्याकडे आहे. गेल्यानंतर चार महिन्यांनी तू पाठवलेलं. एकच ओळ: माझी वही कुठे सापडली तर कळव. मी उत्तर दिलं नाही. तीन वर्षांपूर्वी तुला पाहिलंही होतं, एका चपलांच्या दुकानात. तू मुलीच्या पायात बूट घालत होतीस, घाईत डाव्याचा उजव्यात, आणि ती तुला रागवत होती. मी आरशामागे उभी राहिले. तू आरशाकडे एकदा बघितलंस. तेव्हा तू मला पाहिलंस का, हा प्रश्न मी तीन वर्षं चघळतेय. पाहिलं असशील तर तू हाक का मारली नाहीस, म्हणजे तुला सगळं माहीत आहे का, असं सुतावरून स्वर्ग गाठत राहते. माहीत असलं तरी आज मी ते माझ्या तोंडाने सांगणार आहे.

वही माझ्याकडे होती. सरांना शुक्रवारी सांगून बसले, आणि मग मलाच धीर धरवेना, तुला रंगेहाथ पकडायचं होतं. म्हणून रविवारी संध्याकाळी तुझ्या खणातून ती काढली, पिशवीत घातली. त्याच वेळी पलीकडच्या खोलीत मामा माझी चिठ्ठी वाचून तुझ्या उंदरांचं खाणं काढत असणार. खोलीवर तू नव्हतीस. मी पान न् पान चाळलं. मशीनच्या चिठ्ठ्या होत्या, सोमवारच्या सगळ्या, तारखेसकट, डिंकाने वाकड्यातिकड्या चिकटवलेल्या. म्हणजे मला त्या रविवारीच कळलं की तू खोटं बोलत नाहीस. पण वही परत ठेवली तर मी सरांसमोर खोटी पडणार, आणि दिली तर चोर ठरणार. मी ती माझ्या ट्रंकेत तळाशी टाकली आणि सोमवारी तुझ्याबरोबर ती शोधायला लागले. टेबलाखाली वाकून, कपाटामागे बॅटरी मारून. तू माझा हात धरून म्हणाली होतीस, तू आहेस म्हणून बरं. हे पत्र तुला मिळेल तोपर्यंत माझा सही केलेला जबाब, वहीच्या प्रतींसकट, संचालकांकडे पोचलेला असेल. फाइल पुन्हा उघडतील, तुझ्या नावावरचे ते दोन शब्द खोडावे लागतील, आणि माझं जे व्हायचं ते होईल. मूळ वही मी त्यांना दिली नाही, ती तुझी आहे. आता गाठी सोड. चाळिसावं पान काढ. समासात तुझ्या घाईच्या अक्षरात एक ओळ आहे: ‘सोमवारी जाळी रिकामी का असते? परवा मामांना विचारणे.’ तारीख शनिवारची. तिच्यासमोर पेन्सिलीने लिहिलेले दोन शब्द माझे आहेत, त्या रविवारी वही चाळताना खरडलेले: ‘बचावाची तयारी’. ते मी खोडलेले नाहीत. तुला मामांना विचारायला फक्त एक सोमवार हवा होता, आणि तो मी पिशवीत घालून घेऊन गेले.

तुझीच (हा शब्द ठेवायचा की खोडायचा ते तू ठरव),
इन्स्पेक्टर